कर्माचा हिशेब आपल्यापुरता

नमस्कार श्रोतेहो.

देव आहे का, मेल्यावर माणसाचं काय होतं, पुन्हा जन्म मिळतो का, या विषयावर बोलायला मी आले आहे. मी कीर्तनकार नाही आणि तत्त्वज्ञानही शिकवलेलं नाही. मिरजेतल्या एका दवाखान्यात परिचारिका म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले आणि आता सांगलीत राहते. माणसं शेवटचा श्वास घेत असताना त्यांच्या खाटेशी उभी राहिले, एवढाच माझा अधिकार. त्या अधिकारानं मला आज एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. मागचा जन्म, त्या जन्मीचं पापपुण्य ज्याला मानायचं त्यानं जरूर मानावं, पण स्वतःपुरतं मानावं. दुसऱ्याच्या दुखण्यावर, दुसऱ्याच्या लेकरावर तो हिशेब लावू नये.

आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय. देव मानणारा माणूस पुनर्जन्मही मानणारच, आणि पुनर्जन्म न मानणारा म्हणजे नास्तिक. मिरजेच्या वॉर्डात हा समज फार दिवस टिकत नाही. १८९४ साली डॉक्टर वॉनलेस यांनी मिरजेत मिशनचं रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव. इकडे कोकणातून, तिकडे विजापूर-बेळगावकडून माणसं येतात, आणि एका ओळीतल्या खाटांवर किती प्रकारचं मरण बघायला मिळतं!

मीरासाहेबांच्या दर्ग्याकडच्या मोहल्ल्यातले एक चाचा गेले, ते मला स्पष्ट आठवतं. मुलगा चमच्यानं जमजमचं पाणी थेंब थेंब ओठांवर सोडत होता आणि कानाशी वाकून कलमा म्हणत होता. श्वास थांबल्यावर त्यानं आम्हाला एवढंच विचारलं, “सिस्टर, तोंड पश्चिमेकडं करता येईल का?” आम्ही खाट फिरवली. त्यांचा अल्लावर पूर्ण विश्वास. पण जन्म एकदाच. पुढे कबर, आणि मग कयामतच्या दिवशी न्याय. ख्रिस्ती पेशंटकडे पाळक यायचे, हात हातात घेऊन प्रार्थना करायचे. तिथंही देव आहे, पुनरुत्थान आहे, पण फिरून जन्म नाही.

शेजारच्या खाटेवर जैन बाई असली तर घरची माणसं कानात णमोकार मंत्र म्हणत. वाळवा, मिरज तालुक्यात जैन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या धर्मात जग निर्माण करणारा, शिक्षा देणारा देव नाहीच. पण जन्म अगणित. म्हणजे चाचांच्या अगदी उलट. लिंगायत घरातलं कुणी गेलं तर कपाळाला विभूती लावून, तळहातावर इष्टलिंग ठेवून, बसवलेल्या स्थितीत मातीत ठेवतात, आणि ‘लिंगैक्य झाले’ म्हणतात. शिवाशी एक झालेल्याला पुन्हा यायचं कारण उरत नाही. बौद्ध घरातली माणसं त्रिशरण म्हणत. तिथं ईश्वर नाही आणि कायम टिकणारा आत्माही नाही. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशी प्रतिज्ञा स्पष्ट आहे.

आणि माझे अण्णा, कराडकडचे माळकरी. माउलींची पालखी लोणंदला आली की त्यांचं चित्त शेतात राहायचं नाही. त्यांना मोक्षाचं नाव काढलेलं आवडत नसे. तुकोबांनीच मोक्ष नको म्हटलंय, संतांची संगत मिळत असेल तर खुशाल पुन्हा जन्माला घाल असं देवाला सांगितलंय, मग मी कशाला सुटका मागू, असं ते म्हणायचे. एरवी आपण मोठे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटायला धडपडतो, आणि इथं एक शेतकरी तो फेरा हौसेनं मागत होता.

ही सगळी माणसं आपल्या याच भागातली. एकाच बाजारात भाजी घेणारी. देव मानणं ही एक गोष्ट आणि पुन्हा जन्म मानणं ही दुसरी. यातलं एक असलं की दुसरं असतंच असं नाही. मी स्वतः देव मानते. पुनर्जन्म मानत नाही. हे वॉर्डात उभं राहून ठरलं, आणि कसं ते सांगते.

एक तरुण आई होती. पहिलंच बाळ, वर्षभराचंही नसेल. पांढरंफटक पडलेलं, पोट फुगलेलं. तपासण्यांत निघालं थॅलेसेमिया मेजर. म्हणजे बाळाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागणार, आणि त्या रक्तातून साठणारं लोह काढायला औषध. अशा दिवशी नात्यातली एक बाई भेटायला आली. केळी आणली, बिस्किटाचा पुडा आणला, खाटेच्या कडेला बसली आणि बोलता बोलता म्हणाली, “मागल्या जन्मीचं काय असंल गं बाई, म्हणून असं लेकरू पोटी आलं.” तिच्या मनात वाईट नव्हतं. आपल्याकडे असं बोलायची रीतच आहे. आई तेव्हा बाळाचं झबलं घडी करत होती. तिचा हात तिथंच थांबला. ते झबलं तिनं उलगडलं, परत घडी घातली, परत उलगडलं.

त्यानंतर कितीतरी दिवस डॉक्टर तिला औषधाचं सांगायचे आणि तिच्या डोक्यात काही शिरायचं नाही. मला गाठून विचारायची, “सिस्टर, मी काय केलं असंल हो?” मी केसपेपरच्या पाठीवर तिला चार गोल काढून दाखवले. नवरा-बायको दोघंही या दोषाचे वाहक. वाहकाला स्वतःला काही त्रास नसतो, त्यामुळं कळतही नाही. दोघंही वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता, की बाळाला तो दोष दोन्हीकडून मिळेल. एक बाळ आजारी निघालं म्हणून पुढची तीन चांगली निघतील असंही नाही, दर वेळी चारात एकच. लग्नाआधी किंवा दिवस राहिल्याबरोबर रक्ताची एक साधी तपासणी केली तर हे आधी समजतं. मी त्या गोलांवर बोट ठेवत तिला म्हटलं, “यात पापाला जागा कुठं आहे, तूच दाखव.” तिनं तो कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

दुखणं लेकराला झालं, ते औषधानं सांभाळता येतं. पण ‘तूच पापी’ हे एकदा आईच्या मनात गेलं की ती दुहेरी आजारी होते. आणि हे मी एका बाईबद्दल बोलत नाही. मूल न होणाऱ्या सुनेला, तरणा नवरा गेलेल्या बाईला, मतिमंद मुलाच्या बापाला, सगळ्यांना हे एकच वाक्य ऐकवलं जातं. समाचाराला येणारा माणूस हे वाक्य टाकून, चहा पिऊन निघून जातो. ऐकणाऱ्याच्या जन्माला ते चिकटतं.

श्रोतेहो, या वाक्यानं सगळ्यात जास्त कुणाचा घात केला असेल तर तो कुष्ठरोग्यांचा. महारोग म्हणजे मागल्या जन्मीचं महापाप, असं आपल्या जुन्या समजुतींनी शेकडो वर्षं सांगितलं. कोणत्या पापाला कोणता रोग, याच्या याद्या होत्या. घरातून काढलेली, गावकुसाबाहेर टाकलेली माणसं, बोटं झडलेली, नाक बसलेलं, देवळाच्या पायरीशी हात पसरून बसलेली. नॉर्वेच्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी १८७३ साली या रोगाचा जंतू दाखवून दिला. तरी आपल्याकडे पापाचं बोलणं काही थांबलं नाही, कारण हाताशी खात्रीचं औषध नव्हतं. मग १९८० नंतर एकाच वेळी दोन-तीन औषधं देण्याची पद्धत आली. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफॅझिमिन. चट्टे थोडे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा महिने. औषध सरकारी दवाखान्यात फुकट.

मिरजेत रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय आहे, त्यामुळं हे पेशंट आमच्या गावाला नवीन नव्हते. गोळ्यांचं पाकीट हातात देताना आम्ही आधी सांगून ठेवायचो, लघवी लालसर होईल, घाबरू नका. कातडी काळवंडेल, ती पुढं निवळेल. सांगितलं नाही तर माणूस घाबरून गोळ्या सोडायचा. बारा पाकिटं संपली की तो माणूस बरा. त्याच्यापासून कुणाला लागण होत नाही, ती तर पहिल्या डोसानंतरच फार लवकर थांबलेली असते. वेळेत आला असेल तर बोटंही शाबूत.

आता मला सांगा, मागच्या जन्मीचं महापाप बारा महिन्यांच्या गोळ्यांनी कसं फिटलं? पापच असतं तर गोळ्यांनी गेलं नसतं. आणि पाप नव्हतंच, तर इतक्या पिढ्यांना आपण कशाची शिक्षा दिली? याचं उत्तर पुनर्जन्म मानणाऱ्या प्रत्येकानं शांतपणे शोधावं असं मला वाटतं. मी हे वाद घालायला म्हणत नाही. या प्रश्नानं माझी झोप उडवलेली आहे, म्हणून म्हणते.

पण कर्माचा विचारच टाकाऊ आहे, असं माझं म्हणणं नाही. तो कसा जगावा हे मी एका जैन आक्कांकडून पाहिलं. कर्करोग हाडांत उतरला होता. कूस बदलताना त्यांच्या तोंडून आवाज निघायचा, मग त्या ओठ दाबून धरायच्या. मी म्हटलं, “आक्का, फार दुखतंय ना?” तर म्हणाल्या, “बाई, बांधलं मी, आता झडतंय. झडू दे की.” कर्म बांधणं आणि कर्म झडणं, निर्जरा, हे त्यांच्या धर्मातले शब्द, त्या ते अगदी घरातल्या कामाचं बोलावं तसं बोलायच्या. त्यांनी देवाला दोष दिला नाही, सुनेला दिला नाही, डॉक्टरला दिला नाही. वेदनाशामक मात्र वेळेवर घेतलं, कर्म झडायचं म्हणून सोसत बसल्या नाहीत. आणि समोरच्या खाटेवरची पोर रात्री रडायला लागली की आपल्या थर्मासमधलं दूध तिला द्यायला लावायच्या. “तिचंही कर्म झडतंय” असं एकदाही म्हणाल्या नाहीत. आक्कांचं कर्म आक्कांपुरतं होतं. पोर रडत होती, तिला दूध पाहिजे होतं.

मला यातून फरक कळला. ‘माझं कर्म’ म्हणणारा माणूस जबाबदारी घेतो, त्यातून त्याला बळ येतं. ‘तुझं कर्म’ म्हणणारा जबाबदारी झटकतो. त्याला दूध द्यावं लागत नाही.

आणि ‘तुझा मागचा जन्म मला ठाऊक आहे’ असं सांगणारा तर धोकादायक. साताऱ्याच्या डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांनी, जे मिरजेच्याच वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य घालवलं तो २०१३ साली, त्यांच्या खुनानंतर, अमलात आला. त्याच्या अनुसूचीत एक गुन्हा असा आहे: आपल्यात अलौकिक शक्ती आहे किंवा तू मागल्या जन्मी माझी बायको होतीस असं भासवून लैंगिक शोषण करणं. कायद्यात हे लिहावं लागलं, यावरूनच ओळखा. दाभोलकरांचा विरोध देवाला किंवा श्रद्धेला नव्हता, त्यांचा विरोध श्रद्धेच्या नावानं होणाऱ्या लुबाडणुकीला होता. हे ते सतत सांगत आले, तरी त्यांना देवाचे वैरी ठरवलं गेलं, याचं मला आजही दुःख होतं.

आता मी स्वतः पुनर्जन्म का मानत नाही, तेवढं सांगते. पक्षाघाताचे पेशंट मी रोज पाहिले. मेंदूतल्या एका बारक्या शिरेत गुठळी अडकते आणि शाळामास्तर असलेल्या माणसाला स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नाही. स्मृतिभ्रंश झालेली बाई पन्नास वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला “तुम्ही कोण?” म्हणून विचारते. जिवंतपणी, उबदार देहात, एवढ्याशा बिघाडानं आठवणी जात असतील, तर सरणावर सगळा मेंदू जळून गेल्यावर त्या कुठं राहात असतील? आणि आठवण नाही, स्वभाव नाही, ओळख नाही, तर पुन्हा जन्माला आलं ते ‘मी’ कसं?

यावर लोक मला सांगतात, मेलेली माणसं परत आली, त्यांनी पलीकडचं सांगितलं. तेही खोटं बोलत नाहीत. हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या ३४४ रुग्णांचा नेदरलँड्समध्ये अभ्यास झाला, २००१ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ६२ जणांनी काहीतरी अनुभवल्याचं सांगितलं. बाकीच्यांना काहीच आठवत नव्हतं. तिकडच्या माणसांना बहुधा उजेड दिसतो, बोगदा दिसतो. आपल्याकडच्या अशा अनुभवांची नोंद १९८६ साली सतवंत पसरीचा आणि इयान स्टीव्हन्सन यांनी केली, त्यात पुन्हा पुन्हा येतं ते असं: दोघं न्यायला आले, वही काढली, हा तो माणूस नव्हे म्हणाले आणि परत पाठवलं. गावोगावी म्हाताऱ्या माणसांकडून आपण हेच ऐकलेलं आहे. जो तो आपल्या घरात ऐकलेला परलोक बघतो. अनुभव खरा असतो, पण त्यानं पलीकडचा नकाशा मिळत नाही.

हेच स्टीव्हन्सन व्हर्जिनिया विद्यापीठात मानसोपचारतज्ज्ञ होते. मागला जन्म सांगणाऱ्या लहान मुलांच्या हजारांवर नोंदी त्यांनी जगभर फिरून गोळा केल्या. दोन-चार वर्षांची मुलं बोलायला लागतात आणि सात-आठ वर्षांची होईपर्यंत बहुतेक विसरतात, हे त्यांचंच निरीक्षण. त्यांनी एक कुलूप तयार ठेवलं होतं. त्याचा आकडा फक्त त्यांना ठाऊक. मेल्यावर जमलं तर कळवीन, म्हणाले होते. २००७ साली ते वारले. कुलूप उघडल्याची बातमी आलेली नाही. मला त्या माणसाबद्दल आदर आहे, कारण त्यानं आपला विश्वास कसोटीला लावायची तयारी ठेवली.

एक प्रश्न मात्र अवघड आहे आणि तो मी टाळणार नाही. पुढला जन्म नसेल तर दुष्टाला शिक्षा कुठं, आणि सोसून गेलेल्याला न्याय कुठं? हुंड्यापायी जळालेली पोर वॉर्डात माझ्यासमोर गेली, तेव्हा हा प्रश्न मलाही जाळत होता. पण त्या पोरीला पुढल्या जन्मी सुख मिळेल असं म्हटल्यानं माझी साक्ष देण्याची जबाबदारी कमी झाली असती. पोलीस आले, तिच्या बोलण्याच्या वेळा मी नोंदवहीत लिहिल्या होत्या त्या त्यांना दिल्या. न्याय मिळाला तर तो इथंच मिळणार होता, म्हणून घाई होती.

दहाव्याच्या घाटाबद्दलही बोलते, नाहीतर ऐकणाऱ्यांना वाटेल मी सगळंच मोडीत काढायला निघाले. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, आमच्या नात्यातल्या एका काकांचं दहावं होतं. पिंड ठेवला, सगळे मागं सरले. कावळे झाडावर, पण खाली येईनात. कुणी म्हणालं, विडी ठेवा, विडी ठेवली. कुणी म्हणालं, नातवाला पुढं आणा. शेवटी थोरला मुलगा पुढं झाला. त्याचं आणि बहिणीचं जमिनीवरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. तो हात जोडून मोठ्यानं म्हणाला, “दादा, ताईला अंतर देणार नाही. तिचा वाटा तिला देतो.” थोड्या वेळानं कावळा उतरला. काकांचा जीव अडकला होता का, हे मी मानत नाही. पण भावकीसमोर, नदीकाठी तो शब्द मोठ्यानं बोलला गेला, आणि पुढं त्यानं तो पाळला. तलाठ्याकडं जाऊन बहिणीचं नाव लावून आला. ज्या विधीतून असं होतं, त्याला मी नावं ठेवणार नाही.

आणि माझा देव? तो चित्रगुप्ताची वही चाळत बसलेला नाही. रात्रपाळीला तीन-साडेतीनच्या सुमारास, सलाईन बदलून झाल्यावर, माझ्या मनात त्याच्याशी बोलणं चालायचं. मी त्याच्याकडं कुणाचा जीव मागितला नाही, कारण एकाला देऊन दुसऱ्याला न देणारा देव मला मान्य नाही. हात थरथरू नयेत, सुई पहिल्यांदाच शिरेत जावी, मरणाऱ्याजवळ बसायचा कंटाळा येऊ नये, एवढंच मागत आले. ते मिळत आलं. यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडं नाही आणि मला लागतही नाही.

कराडजवळच्या टेंभूत १८५६ साली जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर परलोक मानत नव्हते. १८९५ साली ते गेले, तेव्हा स्वतःच्या दहनापुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवलेले सापडले, असं सांगतात. पुढं काही नाही असं मानणारा माणूस मागं राहणाऱ्यांची एवढी काळजी घेतो, हे मला फार मोठं वाटतं.

मीही माझ्यापरीनं ठरवलंय. देहदानाचा अर्ज भरला आहे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोरं शिकतील. ज्यांना असं करायचं असेल त्यांनी घरच्यांना नीट सांगून ठेवा, कारण अर्ज आपला असला तरी शेवटी देह नातेवाइकांनीच द्यायचा असतो. नेत्रदानही करायचं असेल तर डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पंखा बंद ठेवायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची.

माझ्या धाकट्या बहिणीला हे पटलेलं नाही. देह नाही, राख नाही, मग तुझं दहावं कसं करू, म्हणून ती रुसून बसली होती. आम्ही दोघींनी अखेर असं ठरवलं की देह माझ्या म्हणण्याप्रमाणे मिरजेला जाईल, आणि दहाव्या दिवशी ती घाटावर तिच्या म्हणण्याप्रमाणे भाताचा घास ठेवील. थॅलेसेमियाच्या मुलांच्या रक्तासाठी त्याच दिवशी भाच्यांनी रक्तदान करायचं, ही भर तिनंच घातली. भाचे तयार आहेत.

नमस्कार.